अंगावरचं धाबं

आमच्या अमळनेरच्या आसपासच्या खेड्यांत धाब्याची घरं अजून तुरळक उरली आहेत. स्लॅबच्या घरात वाढलेल्यांसाठी सांगतो: भिंतींवर लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी. खारी म्हणजे पांढुरकी, चिकट, खारवट माती. मृग लागायच्या आत ती आणून पसरायची आणि दाबून बसवायची. मग वर कितीही कोसळो, खाली थेंब येत नाही. लहानपणी एका वर्षी आजोळी खारी टाकायची राहून गेली. त्या श्रावणात घरातली सगळी पातेली आणि घमेली गळक्या जागांखाली मांडलेली होती, आणि आजी रात्रभर उठून ती रिकामी करत होती.

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला एकवीस वर्षं झाली. कातडीची तक्रार घेऊन माणूस आला की मला ते धाबं आठवतं. खाज, भेगा, डाग, घामोळ्या. नावं वेगळी, पण निम्म्या वेळा गोष्ट एकच असते. वरची खारी गेलेली असते, आणि बऱ्याचदा ती आपणच खरवडून काढलेली असते.

कातडीचे मुख्य थर दोन, आणि त्याखाली चरबीची गादी. खालचा थर जाड. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी हा सगळा संसार तिथे. वरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी कागदाएवढा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पापणीवर त्याच्याही निम्मा, आणि तळपायावर मिलिमीटरच्या पुढे. याच कारणाने टाचेचं मलम डोळ्याखाली लावायचं नसतं.

या वरच्या थराच्या तळाशी रोज नव्या पेशी जन्मतात आणि जुन्यांना वर ढकलतात. वर सरकता सरकता त्या चपट्या होतात, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात (नखं आणि केस ज्याचे बनतात तेच), आणि पृष्ठभागाशी पोचेपर्यंत मरून गेलेल्या असतात. मेल्यावरही काही दिवस राखण करतात, मग गळतात. आंघोळीत अंग चोळल्यावर मळाच्या वळ्या निघतात, त्यात बराचसा भाग या पेशींचाच. तळापासून गळेपर्यंतचा हा प्रवास साधारण चार ते सहा आठवड्यांचा. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सारखं लागणार आहे: कातडीचं घड्याळ महिन्याचं असतं.

सगळ्यात वर मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात. पण नुसत्या विटा रचून भिंत उभी राहत नाही. फटींमध्ये स्निग्ध गारा भरलेला असतो, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचा. ही आपल्या अंगावरची खारी. धाब्याची खारी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही; ही त्याच्या जोडीला आतलं पाणी बाहेर उडू देत नाही. ती विरली की आतला ओलावा हवेत निघून जातो, आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. मग खाज, मग खाजवणं, मग आणखी भोकं. लोक म्हणतात, अंग कोरडं पडतंय म्हणजे पाणी कमी पितो वाटतं. पाणी प्यावंच, पण गळकी टाकी नुसत्या मोटरीने भरत नाही. आधी गळती बंद करावी लागते.

गळती सुरू कुठे होते? बहुतेकदा न्हाणीघरात. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो, पीएच पाचच्या आसपास. कपड्याचा असो की अंगाचा, साधा साबण अल्कलीचा. त्याचा पीएच नऊ-दहा. तेल-तूप धुऊन काढणं हेच त्याचं काम, आणि हे तेल आपलं आहे की वडे तळताना उडालेलं आहे हे त्याला कळत नाही. त्यात आपल्याकडचं बोअरचं जड पाणी. साबण फेसत नाही म्हणून माणूस आणखी घासतो, आणि क्षारांशी मिळून साबणाचा जो चिकट साका तयार होतो तो अंगावरच राहतो. बादलीच्या कडेला पांढरं कडं धरतं ना, त्यातला एक थर आपल्या पोटऱ्यांवरही असतो. वर थंडीत बंबातलं कढत पाणी, आणि दगडाने घासणं. धुळे-नंदुरबारकडे पारा एक आकडी झाला की कढत पाण्याचा मोह मलाही आवरत नाही, खोटं कशाला बोलू. पण ताटाचं तूप कढत पाण्याने निघतं तसंच अंगाचंही निघतं.

म्हणून साबण काखेला, जांघेला, पायांना, आणि जिथे खरोखर मळ आहे तिथे. हाता-पायांच्या उघड्या, कोरड्या भागाला रोज साबण लागतोच असं नाही. पाणी कोमट, आंघोळ आटोपशीर. डाळीच्या पिठाबद्दल विचारतात. सौम्यपणे लावून धुतलं तर हरकत नाही. वाळवून, चोळून, ओरबाडून काढलं तर तेही खरवडणंच. लिंबू मात्र तोंडाला लावू नका. त्याचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

मागच्या डिसेंबरात कापूस वेचणाऱ्या एक मावशी दुकानात आल्या. हात काउंटरवर पालथे ठेवले, मग उताणे केले. बोटांच्या टोकांना उभ्या भेगा, आणि त्या भेगांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले. बोंडाची वाळलेली टोकं दिवसभर टोचतात. त्याच हातांनी संध्याकाळी राख आणि पावडर घेऊन भांडी. "मोठ्यातलं मलम द्या," म्हणाल्या. मी पेट्रोलियम जेलीची छोटी डबी दिली. त्यांना ते फसवल्यासारखं वाटलं असावं. एवढ्याशा पैशांत काय गुण येणार!

पण ही जेली म्हणजे तयार खारी आहे. ती औषध म्हणून काही करत नाही. वर झाकण घालते, आणि पाणी उडणं जवळजवळ थांबवते. झाकणाखाली कातडी स्वतःच आपला गारा पुन्हा भरते. पद्धत महत्त्वाची. हात किंवा टाचा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायच्या, टिपायच्या, पुसून कोरड्या करायच्या नाहीत, आणि ओल असतानाच जेली लावायची. वर जुने सुती मोजे. कोरड्या ठणठणीत टाचेवर लावली तर झाकण ठेवायला खाली पाणीच नसतं. खोबरेल तेलही चालतं. सरसोचं तेल लहान बाळांच्या नाजूक कातडीला त्रास देऊ शकतं, ते टाळावं. ग्लिसरीनचा स्वभाव वेगळा, ते पाणी ओढून धरतं. आपल्या कोरड्या हवेत ओढायला पाणी नसतं, मग नुसतं लावलेलं ग्लिसरीन कातडीच्या आतलंच पाणी वर खेचतं. म्हणून त्यात पाणी किंवा गुलाबपाणी मिसळायचं आणि वर तेल किंवा जेलीचा हात फिरवायचा.

आता उन्हाळा. चैत्र-वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, तरी माणूस शेतात उभा राहतो तो घामाच्या जिवावर. अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठाचंच गणित हे. माठ पाझरतो, पाझर हवेत उडतो, उडताना आतली उष्णता नेतो. मुंबईच्या दमट हवेत माठही नीट गार होत नाही आणि माणूसही. तिथे घाम नुसता ओघळतो. आपल्याकडे उलट. घाम येतो तसा उडून जातो, सदरा कोरडाच राहतो, आणि माणसाला वाटतं की आपल्याला घाम येतच नाही. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, तेव्हा कळतं किती पाणी गेलं ते.

माठ दोन-तीन उन्हाळ्यांनी गार करेनासा होतो, कारण पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात. घामोळं म्हणजे तसंच काहीसं. सतत ओल्या राहिलेल्या कातडीचा वरचा पदर फुगतो, घामाच्या नळीचं तोंड बंद होतं, आणि घाम आतच अडकून टोचायला लागतो. त्यावर पावडरचे थर चढवले तर ओल्या अंगावर तिचा लगदा होतो. सुती सैल कपडे, गार पाण्याची आंघोळ आणि वारा याहून मोठं औषध घामोळ्याला नाही. फार चुणचुणलं तर कॅलामाइन लोशन.

उन्हाचा दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला ऊब म्हणून जाणवत नाही, तो अतिनील किरणांचा. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिनचे बारीक कण आजूबाजूच्या पेशींना वाटतात, आणि प्रत्येक पेशी ते कण आपल्या केंद्रकाच्या डोक्यावर छत्रीसारखे धरते, आतला डीएनए उन्हापासून वाचावा म्हणून. मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. आणि मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक छत्र्यांच्या आकारात आणि वाटपात. २१ अक्षांशावर, जिथे मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, तिथे मोठ्या छत्र्या वागवणारं अंग हे कमीपणाचं लक्षण कसं झालं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

सावळ्या कातडीलाही ऊन लागतंच. वांग त्यानेच गडद होतात. सोपी खूण अशी: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा किरणं तेज. ट्रकच्या काचेतून लांब पल्ल्याची अतिनील किरणं आत येतात, म्हणून चालकांचा खिडकीकडचा हात जास्त काळवंडतो. ड जीवनसत्त्व ज्यांनी बनतं ती आखूड किरणं मात्र काच अडवते. म्हणजे काचेआड बसून तोटा तेवढा पदरात पडतो. सनस्क्रीनवरचा एसपीएफ ३० म्हणजे भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० म्हणजे सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा पुरेसं लावा: चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. शेतात राबणाऱ्याला हे परवडत नाही आणि घामात टिकतही नाही. त्याच्यासाठी बागायती रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हेच उत्तम सनस्क्रीन.

रंग उडालेल्या डागांबद्दल थोडक्यात, कारण त्यात घाबरणं फार असतं. पोरांच्या गालावरचे फिकट, किंचित खरबरीत डाग जंतांमुळे किंवा कॅल्शियम कमी झाल्याने येतात असा समज आहे. बहुतेक वेळा ते कोरड्या कातडीचे असतात आणि साध्या तेला-क्रीमने हळूहळू जातात. छाती-पाठीवर पसरणारे शिबे बुरशीचे. दुधासारखा पांढरा होणारा कोड स्पर्शाने पसरत नाही. ताटात जेवलं म्हणून कोणाला झालेला नाही. पण एखाद्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, टाचणीचं टोक आणि कापूस सारखेच लागत असतील, तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने ते वर्षभर घेतली की माणूस बरा होतो. उशीर केला तर नस जाते, ती परत येत नाही.

आणि आता दुकानातली सगळ्यात खपाची गोष्ट.

"भाऊ, गजकर्णनी ट्यूब दे." ही मागणी मी रोज ऐकतो. पूर्वी मीही न बघता काढून द्यायचो. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात: एक बुरशीचं, एक जिवाणूंचं आणि एक स्टेरॉइड. खाज आणि लाली ही आपल्या शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाईच बंद पाडतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश, ट्यूब कपाटात. बुरशी मात्र मेलेली नसते. उलट तिला आता अडवणारं कोणी नसतं. आठ-पंधरा दिवसांत गजकर्ण परत येतं, पहिल्यापेक्षा मोठं, आणि त्याचं ओळखीचं कडं मोडल्यामुळे डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही. पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. वर्षभरात जांघेची कातडी पातळ होऊन तिला लाल-जांभळे पट्टे पडतात, आणि ते पट्टे पुसता येत नाहीत.

ही बुरशी केराटिन खाऊन जगते. म्हणजे वर सांगितलेल्या मेलेल्या पेशी हेच तिचं शेत. ती मधून कडेकडे सरकते, म्हणून गोल. औषध फक्त दिसणाऱ्या कड्यावर लावलं तर ती पुढे निघून गेलेली असते. कड्याबाहेर दोन बोटं रुंद लावावं लागतं. आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे, कारण बुरशी बसलेले पदर गळून पडायला कातडीला तिचा महिना लागतोच. भारतात गेल्या काही वर्षांत पसरलेल्या हट्टी गजकर्णामागच्या बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. तेव्हा दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर ट्यूब बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचायची सवय करा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन: यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मागणारे मागतात, आणि देणारेही आहेत. स्टेरॉइड वाईट औषध आहे असंही नाही. इसब, सोरायसिस यांत ते रडणाऱ्या माणसाला झोप देतं. फक्त किती, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम म्हणजे अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

लग्नसराईत मुली "पंधरा दिवसांत उजळ" करणारी क्रीम मागतात. महिन्याच्या घड्याळावर चालणारी कातडी पंधरा दिवसांत पालटत असेल तर काहीतरी तिला जबरदस्ती करतंय. बहुतेकदा तेच स्टेरॉइड. काही बिननावाच्या क्रीममध्ये पारा सापडला आहे; तो मेलॅनिन बनूच देत नाही आणि कातडीतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाला धरतो. तोंडावर नेमाने स्टेरॉइड लावलं की चेहरा लाल होतो, पुटकुळ्या येतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि क्रीम बंद केली की जळजळ इतकी की मुलगी पुन्हा तीच विकत घ्यायला येते.

या पावसाळ्यात आयटीआयचा एक मुलगा आला, कमरेभोवती गजकर्णाचा पट्टा घेऊन. पट्टा अगदी रेघेसारखा सरळ. मी म्हटलं, "करदोटा घालतोस?" त्याने सदरा वर केला. काळा, जाड, आंघोळीनंतर कधीच न वाळलेला करदोटा. डॉक्टरांची चिठ्ठी होती, औषध बरोबर होतं, पण तो ओला दोरा बुरशीला रोज नवं घर देत होता. टॉवेल वेगळा ठेव, चड्डी उन्हात वाळव, घट्ट जीन्स काही दिवस सोड, हे सगळं त्याने मान्य केलं. करदोट्याला मात्र मान हलवली. "काका, आजी नाही काढू द्यायची."

सहा आठवड्यांनी आला तेव्हा कंबर स्वच्छ होती. करदोटा कॉलेजच्या बॅगेत, पेन्सिलबॉक्समध्ये. घरी जाताना बांधायचा, सकाळी निघताना सोडायचा. त्या दिवशी तो स्वतःसाठी आला नव्हता. आजीच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यासाठी जेलीची डबी हवी होती.